देवीची पाठ

९ मार्च, सोम.
कॉलेजात आज नकली वस्तूंचा तास. सामंत मॅडमनी (यापुढे सा. मॅ.) चांदीचे दोन मुखवटे टेबलावर ठेवले. खरा कुठला? मी छातीठोकपणे सांगितलं. साफ चुकलं. "पुढून काय बघतेस? पुढची बाजू नकली करणाऱ्याने तुला फसवायलाच केलीय." उलटा करायचा. ठोकून घडवलेल्याच्या आत हातोडीच्या खुणा असतात, साच्यात ओतलेला आतून गुळगुळीत.
मग न्हावा शेवा बंदरात पकडलेल्या पेटीचे फोटो. 'नवीन हस्तकला' म्हणून बाहेर चाललेला जुना मुखवटा. नथीचं भोक फाटलेलं, वर ठिगळ. कुठल्या गावचा, पत्ता नाही. कुणाची तक्रारच नाही. चोर जागेवर नकली ठेवतो, गाव पूजा करत राहतं.
आमच्या देवीलाही तसंच ठिगळ आहे. म्हटलं, असतील अशा चार.

११ मार्च, बुध.
असाइनमेंट: आपल्या गावची जुनी वस्तू, फोटो पुढून-मागून. सारसोळ्यात देवीचा मान आमच्या घराचा, मुखवटा वर्षभर आमच्याच कपाटात. बाबांना विचारलं.
"फुडून काड. पाठ नाय."
"का?"
"देवीची पाठ कोन बघतं का? डोकं फिरलंय काय तुजं?"
तसं खरंय. पालखीत मुखवटा कलशाला बांधलेला असतो. पाठ दिसते फक्त अंघोळ घालणाऱ्याला, आणि तो दार लावून एकटा घालतो. म्हणजे बाबा.

१४ मार्च, शनि.
बाबा होडीवर गेले तेव्हा कपाट उघडलं. आधी पाया पडले.
गुळगुळीत. स्टीलच्या वाटीसारखा. ठिगळाला सांधाच नाही, चेहऱ्यासकट ओतलंय. फोटो काढला, परत ठेवला. जेवण गेलं नाही.
बाबा दर चैत्रात तिला अंघोळ घालतात. म्हणजे त्यांना

१५ मार्च, रवि.
विचारलं. आई बाजारात होती. बाबा जाळं सांधत होते, मान वर केली नाही. म्हणाले, मी लहान, शाळेत असताना त्यांनी मुखवटा सोनाराकडे उजाळायला दिला होता, आला तो हा. अंघोळ घालताना कळलं. तोवर सोनार दुकान बंद करून पसार.
"मग बोलला का नाहीत?"
"कोन इस्वास ठेवनार? मीच इकली म्हनले असते. तुला चोराची पोर म्हनले असते."
मी तरी विश्वास ठेवला का? माहीत नाही. राग येतो. इतकी वर्षं मला त्या नकलीसमोर डोकं टेकवायला लावलं. आणि त्यांच्याकडे बघितलं की रडू येतं.

१८ मार्च, बुध.
सा. मॅ.ना पेटीतल्या मुखवट्याचं काय होणार विचारलं. गोदामात पडून राहणार, म्हणाल्या. "एका गावाने जरी म्हटलं ना, आमच्याकडचा नकली आहे, तर मागता येईल. पण असं म्हणायला कोण पुढे येणार?" मग, "तुझ्या मुखवट्याचा मागून काढलेला फोटो राहिलाय."
देते म्हटलं.

२ एप्रिल, गुरु. पालखी.
सकाळी बाबांनी हाक मारली. "यंदा आंघोल तू घाल." आमच्यात बाईने कधी घातली नाही. आई बघतच राहिली. दार लावलं. पाणी, दूध, हळद. पाठ धुतली.
दाराबाहेरून, हळू, "फोटो काडलास ना?"
"हो."
"धाडलास?"
"नाही."
मग, "पालखी होऊ दे."
झाली. शेजारची काकी नातवाच्या तापासाठी ओटी भरायला आली, देवीपुढून उठेच ना. मी ताट धरून उभी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
आता बाबा अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ओट्यावर बसलेत. कुठे निघालात विचारलं.
म्हणाले, "तकरार कुटं देतात, तू सांग."