पिळणीच्या यंत्रावरची पाटी

धाकट्या,

मी दवाखान्यात चाललेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. उपाशी राहून कोणावर उपकार करू नकोस.

तुझ्या दाजींचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला. लॉन्ड्रीत पिळणीच्या यंत्रात अडकलेली चादर ओढायला गेले. तू तिथल्याच ऑफिसात बसून लिहिलेली पाटी डोळ्यांसमोरच होती: ‘सदर यंत्र कार्यान्वित अवस्थेत असताना वस्त्रे विलग करण्याची प्रक्रिया अवलंबण्यात येऊ नये.’

ती पाटी यंत्राच्या वर भिंतीवर ठोकली दाजींनीच. “आमच्या मेहुण्याने लिहिलीय,” म्हणून येईल त्याला दाखवायचे. अर्थ विचारायची मात्र लाज वाटली असणार.

आज ती काढ आणि नवी लाव: ‘यंत्र चालू असताना हात घालू नका. हात तुटेल.’ मालकांना ओबडधोबड वाटली तर वाटू दे.

मग दवाखान्यात ये. तिथे ‘घडल्या प्रकाराबद्दल दिलगिरी’ वगैरे सुरू करू नकोस. “दाजी, माझं चुकलं,” एवढंच म्हण, आणि गुमान बसून त्यांना दोन घास भरव.

ताई