सासूबाईंच्या नावाची बाटली

१४ ऑक्टोबर १९९३, वोलोस
आजपासून रोजनिशी. शिस्त हवी. जो माणूस गावाला ड्रायव्हिंग शिकवतो त्याला स्वतःला वळण नको?
संकल्प पहिला: अथेन्सचा विचार करायचा नाही. गेल्या महिन्यात ड्रायव्हिंग मास्तरांचं अधिवेशन, हॉटेल, ती बाई, एक रात्र. संपलं. इवान्थियाशी साखरपुडा झालेला माणूस मी, पुन्हा होणे नाही.
घसा मात्र दुखतोय. अंगात कणकण. हवाच तशी आहे.

१५ ऑक्टोबर
एचआयव्हीची टेस्ट करून टाकावी का? मला गरज नाही, पण खात्री असलेली बरी. अडचण एवढीच की वोलोसमध्ये सकाळी शिंकलं तर संध्याकाळी बंदरावर लोक तब्येत विचारतात.
तोडगा आपणहून चालत आला. होणाऱ्या सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलंय. हॉस्पिटलने नेहमीप्रमाणे घरच्यांकडे रक्ताच्या बाटल्या मागितल्यात. दिलेलं रक्त ते तपासतातच. म्हणजे टेस्ट फुकट, गुपचूप, वर सासूबाईंकडे वट. डोकं लागतं.

१८ ऑक्टोबर
रक्त दिलं. चक्कर आली नाही. थोडी आली.
शेजारच्या पलंगावर मेव्हणा स्तामातिस. त्याच्या हातात सुई, कान माझ्याकडे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतक्यात कुणा नव्या व्यक्तीशी संबंध आला होता का? मी म्हटलं, डॉक्टर, माझा साखरपुडा झालाय. हे खोटं नाही. स्तामातिस म्हणाला, आमचे दाजी इतके सरळ, की वळणावरसुद्धा सरळच जातात. नर्सेस हसल्या.
काही सापडलं तर फोन करतील. नाहीतर नाही.

२६ ऑक्टोबर
फोन नाही. म्हणजे निगेटिव्ह. मी म्हणत नव्हतो?
घसाही बरा. सासूबाईंनी पालकाची पिता, म्हणजे सारण भरून भाजलेली जाड पोळी, करून पाठवली. गल्लीभर सांगत सुटल्यात, आता माझ्या अंगात जावयाचं रक्त खेळणार. एकट्याने निम्मी पिता संपवली. उद्यापासून डाएट.

३ नोव्हेंबर
न्हाव्याकडे एक जुनं मासिक चाळलं. चाळायला नको होतं.
त्यात म्हटलंय, एचआयव्हीची टेस्ट विषाणू शोधतच नाही. शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडी शोधते. आणि त्या बनायला वेळ लागतो.
कोपऱ्यावरच्या सोतिरिसच्या टपरीवरून रक्तपेढीला फोन लावला. घरून शक्य नाही, इवान्थियाचं कुणी ना कुणी बसलेलं असतं. एका मित्रासाठी विचारतोय, असं सांगितलं. नर्सबाई समजावणाऱ्यातल्या होत्या. म्हणाल्या, अँटिबॉडी दिसायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. तोवर टेस्ट निगेटिव्ह आली तरी त्यावर विसंबायचं नाही. लागण झालेली असेल, तर तेवढ्या काळातही रक्तातून ती दुसऱ्याला होते. म्हणजे माझ्या भाषेत, पोलिसाने अजून पकडलं नाही म्हणून गाडी नीट चालवतोय असं नव्हे. शेवटी म्हणाल्या, मित्राला बजावा, सध्या रक्त द्यायचं नाही.
पैसे घेताना सोतिरिसने विचारलं, मित्र कसा आहे?

४ नोव्हेंबर
झोप नाही. सासूबाईंच्या नावाची बाटली तिथे फ्रिजमध्ये, आणि आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही.
प्लॅन: ऑपरेशन पुढे ढकलायचं. जेवताना सहज म्हटलं, आई, खुब्याचं नाताळनंतर बघू, थंडीत घाई कशाला? स्तामातिस म्हणाला, दाजी, आईने तुमच्या लग्नात नाचू नये असं वाटतं का? त्यात मी इवान्थियाला कालच सांगितलंय की लग्नापर्यंत लांब राहू, धर्म म्हणून. तिने विचारलं, चर्चची पायरी शेवटची कधी चढलास? ताट तसंच ठेवून उठली.

८ नोव्हेंबर
नवा प्लॅन: समोरासमोर सांगून मोकळं व्हायचं. आरशासमोर वाक्य पाठ केलं. रक्तपेढीच्या दारापर्यंत गेलो. आत माझी एक जुनी विद्यार्थिनी बसलेली. तिने हात हलवला. मी हात हलवला. नर्सेसना मिठाईचा डबा देऊन परत आलो.
उद्या नक्की.

९ नोव्हेंबर
पाऊस.

१० नोव्हेंबर
ऑपरेशन उद्या. रक्तपेढीला फोन केला, एंगेज. पुन्हा केला, एंगेज. प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू शकणार नाही.
भीती वाटतेय. सासूबाईंनी माझं काय वाईट केलंय?

११ नोव्हेंबर
सकाळभर ऑपरेशन थिएटरबाहेर बाकावर. सर्जन बाहेर आले. म्हणाले, उत्तम झालं, रक्त चढवावं लागलंच नाही.
मी सगळ्यांसमोर रडलो. स्तामातिसने पाठ थोपटली. इवान्थियाने इतक्या दिवसांनी हात हातात घेतला. चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली, जाडी.
थंड डोक्याने हाताळलं म्हणून निभावलं. बोललो असतो तर दोन घरं मोडली असती. बाटली आता टाकून देतील. माझी टेस्ट जानेवारीत करीन. विषय बंद.

१२ नोव्हेंबर
सासूबाई बसून सूप पीत होत्या. म्हणाल्या, बाळा, तुझी बाटली काही वाया गेली नाही हो. वॉर्डातल्या नर्सने त्यांना सांगितलं. आपण ज्याच्या नावाने देतो त्यालाच ती मिळते असं नसतं, सगळ्या एकाच साठ्यात जातात. माझी त्याच आठवड्यात गेली. थॅलेसेमिया झालेली एक मुलगी आहे, तिला दर महिन्याला रक्त लागतं. सासूबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. म्हणाल्या, परक्याचं लेकरू जगवलंस.
सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मीही हसलो. मग बाहेर जिन्यात जाऊन बसलो. आम्ही वर्षानुवर्षं बाटल्या देतो आणि समजतो, आपली बाटली आपल्याच माणसाला.

१३ नोव्हेंबर
सोतिरिसच्या टपरीवरून रक्तपेढीला फोन. मागे तिघे उभे. सोतिरिसने रेडिओ बारीक केला.
मित्र म्हटलं नाही. नाव सांगितलं, रक्त दिल्याची तारीख सांगितली, अथेन्सचं सांगितलं. मागचे तिघे हलले नाहीत. नर्सने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्हाला लागण झाली आहे की नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही. आणि आता त्या मुलीला झाली की नाही, तेही नाही. उद्या सकाळी या. मग विचारलं, त्या दिवशी मी विचारलं होतं, तेव्हा का नाही बोललात?
मी कारण सांगितलं: शेजारच्या पलंगावर मेव्हणा ऐकत होता.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा एकदा सांगा, सावकाश. मला हे तिच्या आईला सांगायचं आहे.