खालच्या कुरणातलं लग्न

ती. व्हर्नाताईस,

धाकट्या सेल्मरचा नमस्कार. नवा गुडघा जिना चढू देतो का तुला? आम्ही खुशाल. ऑपरेशनमुळे तुला आमच्या आर्डिसच्या लग्नाला येता आलं नाही, म्हणून घडलं ते लिहून कळवतो. (फोनवर सांगायला लागलो की तुझी भावजय आर्लीन मध्येच दुरुस्त्या करते.)

लग्न आपल्या गवताळ रानातच करायचं, हे ठरलेलं. टेकाडावर की खालच्या कुरणात, एवढाच वाद होता. टेकाडावरची माती खडेरी. कितीही पाऊस पडो, सगळा आत गडप, म्हणून तिथलं गवत जेमतेम गुडघाभर. खाली मात्र पुरुषभर उंच गवत आणि जांभळ्या फुलांचे तुरे! मी म्हटलं, देवाने मांडव आयताच सजवलाय, मी थोड्या जागेतलं गवत कापून खुर्च्या मांडतो. आर्लीन म्हणाली, "सेल्मर, टेकाड एवढं पाणी पितं, ते जातं कुठे? ते करवती पात्याचं गवत पायाखाली पाणी असल्याशिवाय माजत नाही." मी म्हटलं, "महिनाभर थेंब नाही. माती ठणठणीत कोरडी आहे."

वरवर होतीही. पण वऱ्हाडी बसले आणि खुर्च्या हळूहळू खाली जाऊ लागल्या, त्याही ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे. नवऱ्यामुलाचे ऑर्विल मामा (अंगाने भरभक्कम, स्वभावाने भिडस्त) दर प्रार्थनेला थोडे ठेंगणे होत गेले. पाद्रीबाबांचा बूट चिखलातच राहिला. व्याही मंडळी माझ्याकडे बघत होती आणि मी फुलांकडे. आर्डिसच्या पांढऱ्या झग्याची कड काळीकुट्ट झालेली. आता रडते, असं मला वाटलं. तिने शांतपणे चपला काढून हातात घेतल्या. म्हणाली, "बाबा, मामांना हात द्या. आपण वर जाऊ."

मग वरात अनवाणी टेकाडावर गेली. लग्न उभ्याउभ्याच लागलं. वारा छान होता, बटाट्याची कोशिंबीर पुरून उरली आणि मामा माझ्याशी हसून बोलले. एकूण फार चांगलं झालं, ताई.

तुझा,
सेल्मर

ता. क. रुतलेल्या खुर्च्या काढायला मी ट्रॅक्टर खाली नेला होता. तोही बसलाय. दाजींना लांब साखळी आणि त्यांचा मोठा ट्रॅक्टर घेऊन शनिवारी पाठव. आर्लीनला हे ठाऊक नाही.

ता. क. (दुसरा) आर्लीनला ठाऊक आहे. पाकिटाला तिकीट तीच लावतेय. म्हणते, दाजींना सांग, खाली उतरण्याआधी गवत बघा, सेल्मरला विचारू नका.