धुराच्या दृश्यामागचा आवाज

१४ जुलै

नाव कापलं. एवढ्याशा कामाला अख्खी दुपार गेली.

कुबातदादा सोंग-कोल तळ्यावर ड्रोन उडवतो, मी तंबूत बसून फिल्म जोडते. पर्यटक निघताना ती पेनड्राइव्हवर विकत घेऊन जातात — तळं, घोडे, सूर्योदय, तंबूतून वर जाणारा धूर. त्या धुरामागे एका बाईचा आवाज आहे. त्यांना वाटतं लोकगीत! ते बर्मेतकाकूंचं रडणं आहे. शेजारच्या तंबूतल्या. जूनमध्ये शारशेनकाका गेले, त्या दिवशीचं. आमच्या बाया गेलेल्या माणसासाठी गाऊनच रडतात. दादा बाहेर कॅमेऱ्याने घोडे टिपत होता, त्याच्या माइकने हेही टिपलं.

मी दादाला म्हटलं, हे विकायचं नसतं.

"विद्यापीठात हेच शिकवलं का? अगं, त्या आवाजावरच फिल्म खपते! ती जर्मन बाई ढसाढसा रडली. घोडे काय, सगळेच दाखवतात."

घरात माझ्याआधी कुणी विद्यापीठात गेलं नाही. त्यामुळे माझं काही चुकलं की चूक विद्यापीठाची.

शेवटी तडजोड. आवाज राहील, काकू मध्येच काकांचं नाव घेतात, तेवढं जाईल. गेलेल्या माणसाचं नाव अनोळखी लोकांच्या बॅगेत कशाला? मूळ रेकॉर्डिंगही मीच पुसलं. कुणाच्या हाती लागायला नको.

१५ जुलै

बरं केलं की वाईट, कळत नाही. जोड मात्र कुठे ऐकू येत नाही.

१९ जुलै

पाऊस. ड्रोन बंद. काकूंच्या दारावरून मान खाली घालून चालले होते. आतून हाक — "केंजे, जमिनीत काही पुरलंयस का गं?"

२२ जुलै

काकू स्वतःच आल्या. हातात कुमीसची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, बरणी. "पी. पुस्तकं वाचून वाचून काडी झालीयस." मग म्हणाल्या, "माझा आवाज विकताय म्हणे."

पण त्या चिडलेल्या नव्हत्या. त्यांना ऐकायचं होतं.

हेडफोन लावले. काकू डोळे मिटून बसल्या. आवाज संपला तरी हेडफोन काढेनात.

"यांचं नाव कुठंय?"

सांगितलं — मी कापलं. आदर म्हणून.

"आदर! सासरच्या माणसांचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, म्हणून जन्मभर 'अहो, ऐकलं का' करत आले. एकदाच तोंडातून गेलं, तेही आता, ते गेल्यावर. आणि तेवढंच तू खाल्लंस होय गं!"

मूळ कुठे आहे, असं विचारलं. तेही सांगितलं.

हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "लाव तुझं यंत्र." मी माइक लावला. गेलेल्यासाठी रडताना बाया बसतात तशा दाराकडे पाठ करून बसल्या. खाकरल्या.

"अहो..."

थांबल्या.

"अहो..."

आणि हसायलाच लागल्या. डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात धरून! "नाही गं येत. लाज वाटते."

बरणी रिकामी करून घेतली. दारात वळून म्हणाल्या, "ते काढून टाक. नाव नसलं तर ते रडणं कुणाच्याही नवऱ्याचं होतं."

२३ जुलै

काढलं. धुरामागे आता नुसता वारा.

दादा उभा पेटला. "बुडवलास धंदा! हिवाळ्यात काय ड्रोन शिजवून खायचा?" मी उलट बोलले नाही. त्याचंही खरं होतं. गाडीचे नवे टायर याच उन्हाळ्याच्या कमाईवर यायचे होते.

२४ जुलै

शारशेन. शारशेन. मला सहज म्हणता येतं. काय उपयोग?

२८ जुलै

फ्रेंच लोकांचा गट गेला. सगळ्यांनी फिल्म घेतली. आवाजाचं कुणीच विचारलं नाही. एक बाई रडलीसुद्धा — घोडे बघून.