आठ डब्यांना पाच वाट्या

बाबा, आज तुमच्यावर रागावून लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी हा राग काही जात नाही.

दिग्रसच्या शाळेत मी सातवीला गणित शिकवते. तीन आठवडे झाले, प्रमाण चाललं आहे. पुस्तकातली उदाहरणं मुलं सूत्रात आकडे टाकून सोडवतात, पण सूत्र बाजूला ठेवलं की सगळी मेहनत पाण्यात. सोमवारी विचारलं, चार डबे पिठाला एक वाटी तेल, तर आठ डब्यांना किती? नेहमी पहिला हात वर करणारी एक मुलगी म्हणाली, "पाच. इकडं चार वाढले, मंग तिकडं बी चारच वाढतीन ना, मॅडम." फळ्यावर तीनदा समजावलं. तिचं तिन्ही वेळा पाचच. शेवटी माझ्या तोंडून गेलं, "तुझ्याच्यानं नाही होत, बस." ती बसली. मंगळवारी आणि बुधवारी तिचा हात वर आला नाही.

ते वाक्य तुमचं आहे. मीही तेव्हा सातवीतच होते. मारोतीच्या नवसाचे रोडगे शेतात होते, कणकेचे गोळे विस्तवात भाजायचे, आणि गावात रोडगे म्हटलं की तुम्हालाच बोलावणं. तुम्ही वांगी चिरायला बसलात आणि मला म्हणालात, चार डब्यांले एक वाटी मोहन लागते, आज आठ डबे आहेत, टाक. मी मोठ्या ऐटीत पाच वाट्या तेल ओतलं. गोवऱ्यांच्या आरात रोडगे फुटले, लोक राखेतून तुकडे वेचताहेत, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणता, "आठले पाच? गणितात पहिली येते म्हणे हे पोट्टी. तुह्याच्यानं नाही होत, सरक." मग नवं पीठ घेऊन तुम्ही न मोजताच तेल घातलंत, मूठ आवळून पाहिलीत. मुटका टिकला, झालं. ती एक मूठ माझ्या हातात द्यायला तुमचं काय जात होतं, बाबा? त्यानंतर वर्षभर गणिताच्या तासाला मी मान वर केली नाही. आता तीच खाली घातलेली मान मला रोज तिसऱ्या बाकावर दिसते, आणि ती माझ्यामुळे.

आज मी घरून पीठ, तेल आणि दोन पराती नेल्या. एकीत चार वाट्या पीठ आणि एक पळी तेल, दुसरीत आठ वाट्या आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे पाच पळ्या. तिला म्हटलं, दोन्ही मुठीत धरून पाहा. तिनं पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हे दुसरं तं लइच तेलकट आहे." मग पहिल्या परातीतली मूठ तिनं पुन्हा आवळली आणि उघडून पाहिली. "दर चारले एक पळी पायजे. मंग आठले दोनच," ती म्हणाली, कोणी न विचारता. पाठोपाठ सगळा वर्ग परातींवर तुटून पडला.

हात धुताना तिनं विचारलं, "हे तुम्हाले कोणं शिकवलं, मॅडम?" मी म्हटलं, माझ्या बाबांनी. खोटं बोलले. तुम्ही शिकवलं नव्हतं, मी लांबून पाहिलं होतं. आणि सोमवारच्या त्या वाक्याबद्दल तिची माफी मागायचं घरून ठरवून निघाले होते, ती काही मागितली नाही. त्यात मात्र मी तुमचीच मुलगी.