मशीनचा दोर आणि मालकांचे कुलूप

अकोला, शनि. ४ जाने. १९५८
साप्ताहिकाची छपाई चालू असताना आज मी पुन्हा मशीन थांबवले. अकोटचे कापसाचे भाव उशिरा आले, मथळा बदलावा लागला. अमरावतीची बस चुकली, अंकांचा गठ्ठा इथेच पडून. दादासाहेब तापले. "मालक मी, आणि मशीन थांबवणार संपादक!" संध्याकाळी स्विचवर लाकडी पेटी बसली, तिला कुलूप. किल्ली त्यांच्या जानव्याला. दोष माझा.

शनि. ११
मशीनमन महादेव कागद लावत होता. बाही सिलिंडरखाली गेली. मी पेटीकडे धावलो. कुलूप. दादासाहेब समोरच्या हॉटेलात चहाला. महादेवने बाही फाडून हात सोडवला. एक नख गेले.
"बोटं हायेत ना, भाऊ. मंग तुमी कावून रडून राहिले?"
रडत नव्हतो.

सोम. १३
दोन तास वाद. दादासाहेब : स्विच उघडा ठेवला की तुम्ही आहातच थांबवायला. मी : बंद ठेवला तर महादेवचा हात. दोघांचेही खरे. शेवटी महादेवच म्हणाला, "स्विचले दोर लावा, अन् दोराले घंटा बांधा. वढणारा लपते कुठं मंग?"

गुरु. १६
पेटी निघाली, दोर लागला. ओढला की मशीन थांबते आणि पितळी घंटा गल्लीभर ऐकू जाते. अट : बातमीसाठी मी ओढला तर पेटी परत. कबूल. कुलूप दोराशेजारीच खिळ्याला टांगले आहे. माझ्यासाठी.

शनि. १८
पुसायचे फडके गुंतले, त्यात महादेवचे मनगट. दुसऱ्या हाताने त्यानेच दोर ओढला. मशीन जागच्या जागी. साधा ओरखडाही नाही. हॉटेलवाला, शिंपी, सगळे धावत आले. दादासाहेब चहाच्या कपासकट. उरलेला चहा महादेवला दिला.
जिंकलो. बसही मिळाली.

शनि. १ फेब्रु.
निम्मे अंक निघाल्यावर पातूरची बातमी आली. चांगली होती. हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. महादेव गालात हसत होता.
तेवढ्यात घंटा. पाहतो तर दोर दादासाहेबांच्या हातात. त्यांच्या नातवाच्या मुंजीची तारीख अंकात चुकीची छापली होती.
"ही बातमी नव्हे, निमंत्रण आहे," म्हणाले.
"पेटी लावू का, मालक?" महादेव.
मशीन थांबलेच होते, तर पातूरही घातले.
जाताना दादासाहेब खिळ्यावरच्या कुलपाकडे बघत राहिले. हात जानव्याच्या किल्लीकडे गेला. मग म्हणाले, "बघू."