गोठ्यातल्या अनवाणी पायाविषयी

गुरुजी, माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली असून ती भरून येत नाही. मला साखरेचा आजार आहे. तुमच्या काळी आपल्या गावात या आजाराचे नाव कोणी घेत नसे. आता प्रत्येक आळीत दोन-चार माणसे सापडतात. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल आणि तेवढ्यावर भागेलच असे नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. गोळ्या मी नियमाने घेतो. तरीही साखर उतरत नाही, आणि आता दवाखान्यात मला असे प्रश्न विचारू लागले आहेत की माझा पुरता गोंधळ उडाला आहे. तुमच्याशिवाय विचारावे असे कोणी उरलेले नाही, म्हणून लिहीत आहे.

आरोग्य केंद्रात पूर्वी बोटातून रक्त काढत, गोळ्या देत आणि माणूस मोकळा होई. आता रक्त दिल्यावर शेजारच्या टेबलाकडे पाठवतात. तेथे माझ्या नातीच्या वयाची एक मुलगी बसते. ती औषधाचे विचारत नाही. "बाबा, झोप लागती का? जेवताना संगं कोण असतं? कशात मन लागंना, असं होतं का?" मी तिला सांगितले की मी साखरेसाठी आलो आहे, वेड्यांच्या दवाखान्यात आलेलो नाही. ती हसून म्हणते, "साखर अन् मन एकाच अंगात ऱ्हातेत की, बाबा." दर मंगळवारी ती सगळ्या जुन्या आजाऱ्यांना व्हरांड्यातल्या सतरंजीवर बसवते आणि एकमेकांशी बोलायला लावते. मी गप्प बसतो. गेल्या खेपेस माझ्या वयाचा एक फळवाला, ज्याला रक्तदाब आहे, मोठ्याने म्हणाला, "ओ दूध संस्थेवाले, पाय जायची येळ आली अन् तुमी तोंडाला कुलूप लावून बसलाव! काहून ओ? इथं काय सोयरीक जमवायला आलो का आपण?" सगळे हसले. मी हसलो नाही.

मी गप्प बसतो ते तुमच्यामुळे. चौथीत असताना माझी माय गेली. दिवसकार्य उरकून शाळेत आलो आणि पाढे म्हणताना रडू फुटले. तुम्ही टेबलावर पट्टी आपटलीत. "आपलं दुखणं चारचौघांत मांडायचं न्हाई. डोळे पूस अन् पुढचा पाढा म्हण." मी म्हटला. त्याच वर्षी दुष्काळाने शाळा सुटली. पुढे गावात दूध संस्था निघाली, तेव्हा तुम्हीच शब्द टाकून मला तेथे लावलेत आणि स्वतः बीडला नेऊन चपला घेऊन दिल्यात. "संस्थेच्या माणसानं अनवाणी हिंडू न्हाई." दोन्ही गोष्टी मी जन्मभर पाळल्या. नंतरच्या दुष्काळात जनावरे चारा छावणीत बांधली गेली; दूध घालायला आलेली माणसे माझ्यासमोर रडत, आणि मी कोरड्या डोळ्यांनी माप भरीत असे. त्याचा मला अभिमान होता. अजूनही आहे.

परंतु त्याच छावणीतली एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. परक्या गोंगाटात आमची म्हैस पान्हा चोरू लागली. माझी पत्नी शेजारी उभी राहून तिच्याशी बोलली, तरच ती दूध सोडी. त्याला कोणी वेड म्हटले नाही. पुढे पत्नी वारल्यावर, घरच्या गोठ्यात तर म्हैस मला कासेला हात लावू देईना. शेवटी मी पत्नीचे लुगडे डोक्यावरून घेतले, तिच्यासारखा बसलो, आणि म्हशीने पान्हा सोडला. हे कोणी पाहिले नाही. पुढे हातात बळ राहिले नाही म्हणून म्हैस विकली. साखर कधीपासून वाढली असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा गोळी बदलल्यापासून, असे मी सांगितले. ती मुलगी जुना केसपेपर पाहत होती. हळूच म्हणाली, "काकू कवा गेल्या, बाबा?" मी उठून घरी आलो. दुःखाने जनावराचे दूध अडते हे मला ठाऊक आहे. मग माणसाची साखर दुःखाने वाढते, हे मानायला माझी जीभ का अडते? मानले, तर तुमचे सांगणे चुकीचे ठरते. न मानले, तर पाय जातो. तुम्ही चुकलात, असे मला अजून म्हणता येत नाही.

जखम कशाने झाली, तेही मी खरे सांगितलेले नाही. रस्त्यात बाभळीचा काटा लागला, म्हणालो. पायात चप्पल होती का, असे विचारले, तेव्हा होती म्हणालो. ती गोठ्याच्या उंबऱ्याबाहेर होती. आमच्याकडे गोठ्यात चप्पल घालून जात नाहीत, पत्नीने कधी जाऊ दिले नाही. गोठा आता रिकामा आहे. तरी रोज सकाळी मी ते लुगडे खांद्यावर घेऊन दावणीजवळ बसतो आणि पत्नीशी बोलतो. खिळा रुतला तो कळलाच नाही. लुगड्याची घडी घालताना काठाला रक्त दिसले.

उद्या मंगळवार आहे. तुम्हाला जाऊनही वर्षे झाली; हे पत्र कोठेही टाकता येणार नाही, एवढे मला समजते. तुम्ही सांगितले होते तशा चपला घालून आज सकाळी गोठ्याशी गेलो, पण उंबरा ओलांडता आला नाही. मग बाहेर उभा राहूनच तिच्याशी बोललो. शेजारीण अंगण झाडता झाडता थांबली, ऐकू लागली. मी आवाज कमी केला नाही.